मिठी नदीच्या कांठीं

माहीम आणि वांद्रें या दोन स्टेशनांच्या मध्यें आगगाडी एका पाण्यावरून जाते. त्या वेळीं डब्यांतील बहुतेक मंडळी नाकाला रुमाल लावतात, आणि पलीकडचा कांठ आला कीं तो रुमाल पुन्हां खिशांत जातो. मुंबईच्या नागरिकाचा आपल्या नदीशीं येणारा संबंध पुष्कळदां एवढाच असतो. ती नदी आहे हेंही त्याला ठाऊक असतेंच असें नाहीं. कोणी तिला खाडी म्हणतो, कोणी नाला म्हणतो, आणि उरलेले तिला कांहींच म्हणत नाहींत. तिचें नांव मिठी. गेलीं तीन वर्षें मी या नदीचें रोज एक छायाचित्र घेत आलों आहें, आणि त्या उद्योगांत मला जें दिसलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम नदीची ओळख करून देतों. विहार आणि पवई हे दोन तलाव भरले म्हणजे त्यांचें वरचें पाणी जेथून वाहूं लागतें तेथें मिठीचा आरंभ. तेथून साकीनाका, विमानतळ, कुर्लें, कलिना, धारावी असा सुमारें १८ किलोमीटरांचा प्रवास करून ती माहीमच्या उपसागरास मिळते. विमानतळाजवळ तिला काटकोनांत वळावें लागलें आहे. धांवपट्टी वळूं शकत नाहीं आणि नदी वळूं शकते, असें कोणा इंजिनियरास वाटलें असावें. आज जेथें वांद्रें-कुर्ला संकुलाच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत, तेथें पूर्वीं तिच्या मुखाजवळची दलदल आणि तिवरांचें रान होतें. एके काळीं हें पाणी राज्याची सीमा होतें. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी बेटावर स्वारी केली, आणि त्याच सालीं इंग्रजांनीं धारावीस, या पाण्याच्या कांठीं, एक लहानसा किल्ला बांधला. तो काळा किल्ला अजून उभा आहे व त्याच्या शिलालेखांत तें साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्न याचें नांव आहे. पुढें १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी घेईपर्यंत अलीकडे त्यांचा अंमल आणि पलीकडे पेशव्यांचा, असा प्रकार होता.

असें असूनही मीं माझ्या सातवीच्या मुलांकडून गंगेच्या उपनद्या तोंडपाठ करून घेतल्या, गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरास होतो हें घोकून घेतलें, आणि शाळेपासून हांकेच्या अंतरावर वाहणाऱ्या नदीचें नांव तीस वर्षांत एकदांही फळ्यावर लिहिलें नाहीं. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या या शहरांत आहेत. परीक्षेंत त्या विचारीत नसत, म्हणून आम्ही शिकवीत नसूं.

सेवानिवृत्त झाल्यावर मुलानें मला एक लहानसा कॅमेरा आणून दिला. नातवंडांचे फोटो काढावे, हा त्याचा हेतु. पण नातवंडें स्थिर उभीं राहत नाहींत. माझा सकाळचा फेरफटका माहीमच्या कॉजवेवरून असे. लेडी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून गेल्याच्या मागच्या शतकांत बांधला गेलेला हा रस्ता. त्याच्या पूर्वेकडील कठड्याशीं उभें राहिलें म्हणजे समोर रेल्वेचा पूल, त्यामागें तिवरांची गर्द रांग आणि तिच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या त्या कांचेच्या इमारती दिसतात. एके दिवशीं सहज एक चित्र घेतलें. दुसऱ्या दिवशीं तेथूनच दुसरें घेतलें. शिक्षकाचा स्वभाव असा कीं दोन नोंदी झाल्या कीं त्याला तक्ता आखावासा वाटतो. मीं नियम केला: रोज सकाळीं साडेसात वाजतां, याच जागेवरून, एकच चित्र.

जागा कायम राखणें वाटतें तितकें सोपें नाहीं. कठड्यावर मीं खडूनें खूण केली. पहिल्याच पावसानें ती पुसून नेली. मग कठड्यांतील एका सांध्याशीं डावा अंगठा टेकावयाचा आणि रेल्वेच्या पुलाचा अमुक एक खांब चित्राच्या बरोबर मध्यावर आणावयाचा, अशी युक्ति काढली. दुसरी चूक अधिक हास्यास्पद होती. पूर्वेकडे तोंड करून सकाळीं चित्र घेणें म्हणजे सूर्याच्या डोळ्याला डोळा भिडविणें. हिवाळ्यांतलीं माझीं सारीं पहिलीं चित्रें म्हणजे वर पांढरा कागद आणि खालीं काळी शाई. पावसाळ्यांत तर घरांतून निघतांना कॅमेरा कोरडा असे आणि पुलावर पोंचतांच कांचेवर बाष्प धरे. प्लॅस्टिकच्या पिशवींत जुनें धोतर फाडून ठेवलेला तुकडा हा त्यावर मला सांपडलेला एकमेव उपाय.

हें कांहीं नवें नाहीं, हें मला माहीत आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानें १८९९ ते १९०१ या काळांत लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांतून टेम्स नदीवरचे तेच ते पूल पुन्हां पुन्हां रंगविले आणि १९०४ मध्यें आपलीं लंडनचीं ३७ चित्रें पॅरिस येथें मांडलीं. टेम्सही भरतीची नदी आहे. पण मोनेचें लक्ष उजेडाकडे आणि धुक्याकडे होतें. माझें लक्ष घड्याळाकडे होतें, आणि तेथेंच मी फसलों.

सहा महिन्यांनंतर मीं एका सुटीच्या दिवशीं ती चित्रें जमिनीवर मांडलीं. वाटलें होतें, ऋतुचक्र दिसेल. दिसला तो गोंधळ. एका सकाळीं नदी कांठोकांठ, आठवड्यानें त्याच वेळीं नुसता चिखल आणि मधोमध पाण्याची एक काळी शिरा. पुन्हां आठवड्यानें भरलेली. भरती-ओहोटी होते हें कोणाला सांगावयास नको. पण तिचा माझ्या साडेसाताशीं मेळ कसा घालावा, हें मला कळेना. पुलाच्या टोकाशीं एक वृद्ध कोळीण टोपली घेऊन बसत असे. तिच्याकडून मी कधीं कधीं बोंबील घेत असें. ती मला रोज पाहत होती. एक दिवस ती म्हणाली, "मास्तर, घड्याळ बघून काय येता? तीथ बघून या."

मीं विचारलें, "म्हणजे कसें, मावशी?"

"तीथीची पाऊणकी करा. निघंल ती भरतीची वेळ."

श्रोतेहो, मी चकित होऊन उभा राहिलों. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे माझ्या वडिलांच्या पिढीनें छडीच्या धाकानें पाठ केले. माझ्या पिढीनें अर्धवट केले. माझ्या विद्यार्थ्यांना मीं ते कालबाह्य म्हणून शिकविलेच नाहींत. आणि येथें पाऊणकीवर समुद्र चालत होता. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणकी तीन. तीन वाजतां भरती. अष्टमीला सहा वाजतां. एकादशीला सव्वाआठ. जी वेळ दिवसा, तीच सुमारें रात्रीं, कारण दोन भरत्यांमध्यें साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतें, आणि भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. काटेकोर गणित केलें तर पंधरा तिथींत बारा तासांचा फेरा व्हावयास हवा, म्हणजे दर तिथीस पाऊण तास नव्हे, तर ४८ मिनिटें पडतात. त्यामुळें पौर्णिमेच्या सुमारास हा हिशेब पाऊण तासानें चुकतो. मीं ही चूक मावशींच्या निदर्शनास आणून दिली. ती म्हणाली कीं होडी कांहीं मिनिटावर लोटावयाची नसते. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीची यांत्रिक नोंद १८७८ पासून ठेविली जाते आणि भारतीय सर्वेक्षण खातें दरवर्षीं भरतीचीं कोष्टकें छापतें. ज्याला मिनिट हवें त्यानें तीं पाहावींत. मला पाऊणकी पुरली.

आतां माझी चूक माझ्या ध्यानांत आली, आणि ती अशी होती कीं ती मनाला लागून राहिली. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सर्वांत मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सर्वांत लहान. तिला भांग म्हणतात. आतां पाऊणकी लावून पाहा. मुंबईस उधाणाची भरती नेहमीं दुपारीं आणि मध्यरात्रीं, बाराच्या आसपासच येणार. सकाळीं साडेसातला पूर्ण भरलेली नदी दिसेल ती फक्त नवमी-दशमीला, म्हणजे भांगाच्या दिवसांत. मी नित्यनेमानें, एक दिवसही न चुकवितां, सहा महिने त्या कठड्याशीं उभा राहिलों होतों, आणि त्या नियमामुळेंच नदीचें खरें भरलेलें रूप मला एकदांही दिसलें नव्हतें. पुढें साठ वर्षें उभा राहिलों असतों तरी दिसलें नसतें.

तेव्हांपासून मी पंचांग पाहून जाऊं लागलों. दिवसाउजेडीं जी भरती किंवा ओहोटी येईल ती गांठावयाची. घरांतील मंडळींना याचा त्रास झाला, कारण जेवणाची वेळ रोज पाऊण तासानें पुढें सरकूं लागली. दुपारीं सूर्य डोक्यावर असतो हा मात्र आयताच लाभ. चित्रांतील शाई निघून गेली.

पहिलें उधाण पाहिलें तें श्रावणांत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं. पावसाळ्यांतल्या मोठ्या उधाणाला मुंबईस पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढतें. समोरच्या तिवरांचीं खोडें नाहींशीं झालीं होतीं. नुसते हिरवे शेंडे पाण्यावर ठेवल्यासारखे दिसत होते. एक केळीचा खुंट वाहत चालला होता, आणि तो समुद्राकडे न जातां कुर्ल्याच्या दिशेनें चालला होता. तें चित्र मीं जपून ठेविलें आहे. नदी दिवसांतून दोनदां उलटी वाहते, हें वाक्य मीं वर्गांत उच्चारलें असतें तर मुलें हंसलीं असतीं.

उधाण उतरल्यावर दुसरी एक गोष्ट दिसते. तिवरांच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, हारांचे दोरे लटकलेले असतात, आणि ते सारे एका उंचीपर्यंतच. त्या उंचीच्या वर पान स्वच्छ. शहराच्या घाणीनेंच तेथें समुद्राची पातळी रेघ ओढल्यासारखी दाखवून ठेविली आहे. किळस सोडून पाहिलें तर मोजपट्टी म्हणून ती उत्तम आहे, आणि मी चित्रें तपासतांना तिचा उपयोग करतों. खालच्या चिखलांत पेन्सिली उभ्या रोवाव्या तशीं तिवरांचीं श्वासमुळें बाहेर आलेलीं असतात. गाळांत हवा नसते, म्हणून हें झाड मुळें वर काढून श्वास घेतें. त्यांवर पिशवी पसरून बसली म्हणजे काय होत असेल तें निराळें सांगावयास नको.

हिवाळ्यांत माझ्या हिशेबाला पुन्हां धक्का बसला. मार्गशीर्षांतल्या पौर्णिमेला दुपारीं मोठ्या आशेनें गेलों, तों पाणी श्रावणापेक्षां बरेंच खालीं. मला वाटलें, पाऊस नाहीं म्हणून असें. मावशी म्हणाली, "आता थंडीत पानी रातचं चढतं." हें खरें आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. सूर्य आणि चंद्र विषुववृत्तापासून दूर असतात तेव्हां हा फरक वाढतो, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत दिवसाची भरती मोठी, तर हिवाळ्यांत रात्रीची मोठी, असा त्याचा परिणाम होतो. थंडींतल्या दिवसाच्या चित्रांत पाणी कमी, पण आकाश कुरव पक्ष्यांनीं भरलेलें. हे दूरदेशींचे पाहुणे येथील पाण्याचा वास सहन करतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. रंगाविषयीं म्हणाल तर उन्हाळ्यांत ओहोटीची नदी काळी, भरतीची राखी-हिरवी. आणि जूनमध्यें पहिल्या जोराच्या पावसानंतर दोन दिवस ती चक्क तांबडी होते, गांवाकडच्या नदीसारखी. वर्षांतून तेवढे दिवस तिला कोणी नाला म्हणणार नाहीं.

आतां जें सांगतों तें सांगावें कीं नाहीं, याचा मीं पुष्कळ विचार केला.

२६ जुलै २००५, मंगळवार. आपणांपैकीं पुष्कळांना तो दिवस आठवत असेल. मी तेव्हां मिठीच्या वरच्या अंगाच्या एका शाळेंत होतों. दुपारीं दोननंतर पाऊस असा कोसळूं लागला कीं फळ्यावर लिहिलेलें मागच्या बाकावर दिसेना. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरांत कुलाब्यास मात्र ७३. तीन वाजतां अंगणांत घोट्याइतकें पाणी होतें. मुख्याध्यापक बाहेरगांवीं असल्यानें निर्णय माझ्याकडे आला. जवळच्या गल्ल्यांत राहणारीं नऊ मोठीं मुलें घरीं जाऊं द्या म्हणून मागें लागलीं. सर थोडी कमी झाली होती. मीं विचार केला, पाऊस उतरतो आहे, तासाभरांत पाणी ओसरेल. आणि त्यांना जाऊं दिलें. लहानांना वरच्या मजल्यावर ठेवून घेतलें.

पाणी ओसरलें नाहीं. चार वाजतां तें कंबरेइतकें होतें, सहा वाजतां तळमजल्याच्या खिडकींत. नऊपैकीं सहा मुलें घरीं पोंचल्याचा निरोप रात्रीं आला. तिघांचा पत्ता नव्हता. ती रात्र मीं जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून काढली. तीं तीन मुलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांपडलीं. एका मशिदीच्या वरच्या मजल्यावर तेथील लोकांनीं त्यांना ओढून घेतलें होतें, कोरडे कपडे आणि चहा-पाव दिला होता. शहरांत शेंकडों माणसें गेलीं. माझीं तिन्ही मुलें परत आलीं.

मावशींनीं पाऊणकी सांगितली त्या दिवशीं मी घरीं आलों आणि पहिली गोष्ट केली ती ही कीं जुनें पंचांग काढून २००५ चा जुलै उघडला. वास्तविक पंचांगाची गरज नव्हती. त्या मंगळवारच्या आदल्या गुरुवारीं गुरुपौर्णिमा होती. याच मुलांनीं माझ्या टेबलावर फुलें ठेविलीं होतीं. पौर्णिमेनंतर पांच दिवस. पांचाची पाऊणकी पावणेचार. मीं मुलांना तीन वाजतां सोडलें, तेव्हां समुद्र चढत होता आणि अजून पाऊण तास चढणार होता. नदीचें तोंड बंद होतें. पाणी तासाभरांत ओसरणें शक्यच नव्हतें. रात्रीं नऊ-दहापर्यंत समुद्र वाट देणार नव्हता. तो पूर एकट्या भरतीनें आला असें मी म्हणत नाहीं. एवढा पाऊस ओहोटींतही शहर बुडविता. शिवाय पात्र अरुंद झालेलें, कांठांवर भराव, तळाशीं कचरा. माधवराव चितळे यांच्या समितीनें या साऱ्या कारणांची छाननी केली आणि पुढें नदी रुंद व खोल करण्याचीं, कांठांना भिंती बांधण्याचीं कामें झालीं. तो तज्ज्ञांचा विषय आहे. माझा विषय एवढाच कीं भरती-ओहोटीचा धडा मीं त्याच वर्गाला त्याच वर्षीं शिकविला होता. आकृति काढून. चंद्र, सूर्य, पृथ्वी, तिन्ही एका रेषेंत. मुलांना त्यांत चांगले गुण मिळाले होते.

आज माझ्याजवळ हजाराच्या जवळपास चित्रें आहेत. आजारपणामुळें आणि एकदां मुलीच्या बाळंतपणामुळें मधले कांहीं दिवस गळले आहेत. तीं मी आतां तारखेप्रमाणें लावीत नाहीं, तिथीप्रमाणें लावतों. तीन वर्षांच्या तीन श्रावणी प्रतिपदा शेजारीं ठेविल्या म्हणजे पाण्याची पातळी जवळजवळ सारखी येते आणि मग इतर फरक आपोआप डोळ्यांत भरतात: कोणता तिवर वाळला, कोठें गाळाचा उंचवटा वाढला, आकाशांत कोणती नवी इमारत चढली. तारखेप्रमाणें लावलेल्या चित्रांत हें कांहींच दिसत नव्हतें.

गेल्या वर्षीं माझ्या जुन्या शाळेंतील एका बाईंनीं मला तीं चित्रें घेऊन वर्गांत बोलाविलें. त्या केळीच्या खुंटाचें चित्र पाहून एका मुलीनें विचारलें, "आजोबा, मग नदीचं पाणी परत जातं तेव्हा सगळं जातं का थोडं राहतं?" याचें उत्तर मला देतां आलें नाहीं. मीं तिला सांगितलें कीं पाहून सांगतों, आणि अजून पाहतों आहें.

त्या तिघां मुलांपैकीं एक आज समोरच्या कांचेच्या इमारतींपैकीं एकींत नोकरीस आहे. म्हणजे माझ्या प्रत्येक चित्रांत, उजवीकडे वरच्या कोपऱ्यांत, तो कोठें तरी असतो. मीं त्याला पावणेचारची हकीकत सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्या रात्रीं मिळालेल्या पावाला गोडसर चव होती, एवढें म्हणाला. पावसाळ्यांत सकाळीं जोराची सर आली कीं त्याचा फोन येतो. भरतीचें मिनिटामिनिटाचें कोष्टक त्याच्या हातांतल्या मोबाईलमध्यें असतें, हें मला माहीत आहे. तरी तो विचारतो, "गुरुजी, आज केव्हां?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतों आणि सांगतों.